शस्त्रक्रियेनंतरचा श्वास कोण मोजतो? जिल्हा शल्यचिकित्सक, वैद्यकीय अधीक्षक आणि अधिसेविकांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील जिल्हा, सामान्य व उपजिल्हा रुग्णालयांचे जिल्हा शल्यचिकित्सक, वैद्यकीय अधीक्षक आणि अधिसेविका यांस,

सप्रेम नमस्कार.

उद्या सर्जिकल वॉर्डात राउंडला जाल तेव्हा कुठल्याही चार खाटांचे टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वासाची नोंद) हातात घ्या आणि फक्त श्वासाचा रकाना वरून खाली वाचत जा. ताप ९८.६ वरून १००.४ वर गेलेला दिसेल, नाडी ८४ ची ११० झालेली दिसेल. श्वास मात्र सकाळी २०, दुपारी २०, रात्री २०. शेजारच्या खाटेवरही २० आणि पलीकडच्या म्हाताऱ्या आजोबांचाही २०. इतक्या माणसांचे श्वास एका तालात चालत नसतात. तो आकडा मोजलेला नसतो, भरलेला असतो.

ही परिचारिकांविरुद्धची तक्रार नाही. ताप, बीपी, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण) यंत्र सांगते; श्वासासाठी घड्याळ धरून मिनिटभर खाटेशी उभे राहावे लागते. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकीवर असेल तर ते मिनिट आणायचे कुठून? शिवाय एखादीने खरोखर मोजून २८ लिहिले, कॉल दिला, आणि पलीकडून 'बघू, ऑक्सिजन लावून ठेवा' एवढेच उत्तर आले, की पुढच्या वेळी मोजण्यात तिला काय अर्थ वाटणार? म्हणून हे पत्र वॉर्डातल्या सिस्टरना नाही, तुम्हाला लिहीत आहोत.

ऑपरेशननंतर फुप्फुसाचे होते काय, ते आधी थोडक्यात. माणूस उताणा झोपला आणि त्याला पूर्ण भूल दिली की नेहमीचा श्वास सोडून झाल्यावर फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा लिटरभराने, कधी त्याहून जास्त कमी होते. पाठीकडचे आणि तळाचे वायुकोश मिटतात. पूर्ण भूल दिलेल्या दहांपैकी जवळजवळ नऊ रुग्णांत हे थोडेफार घडते. बहुतेकांचे ते आपोआप उघडतात. पण चीर बरगड्यांखाली, पोटाच्या वरच्या भागात असेल तर श्वासपटलच (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा स्नायू) काही दिवस नीट काम करत नाही, आणि याला फक्त वेदना कारण नसते. दुखणे पुरते थांबवले तरी ते थोडेफार मंदच राहते. दीर्घ श्वासाची ताकद पहिल्या दिवशी निम्म्यावर येते आणि पूर्ववत व्हायला आठवडा लागतो. त्यात वेदनेमुळे खोकला दाबला जातो, मॉर्फिनसारख्या औषधाने उसासे बंद होतात, कफ तळाशी साचतो. मिटलेला भाग, साचलेला कफ आणि तोंडातले जंतू एकत्र आले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी न्यूमोनिया.

आता मुद्द्याचे. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली अमेरिकेतल्या रुग्णालयांची तुलना प्रसिद्ध केली. ऑपरेशननंतर सर्वांत कमी मृत्यू होणारी आणि सर्वांत जास्त मृत्यू होणारी, अशा दोन्ही टोकांच्या रुग्णालयांत गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखे निघाले, २४ ते २७ टक्क्यांच्या आत. फरक पडला तो पुढे. मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी एका टोकाला १२.५ टक्के दगावले, दुसऱ्या टोकाला २१.४ टक्के. सर्जनचा हात दोन्हीकडे बरा होता. बिघाड किती लवकर कळला आणि कळल्यावर कोण धावले, यात अंतर होते. आपल्याकडे तर आयसीयूच्या खाटा मोजक्या आणि व्हेंटिलेटर त्याहून मोजके. वॉर्डातच लवकर ओळखणे हा आपल्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि पुष्कळ ठिकाणी तो एकमेवच आहे.

कुणाला धोका जास्त, हे ऑपरेशनच्या आधीच सांगता येते. स्पेनमधल्या कॅटलोनिया भागातल्या ५९ रुग्णालयांच्या अभ्यासातून २०१० साली 'अरिस्कॅट' ही गुणपद्धती आली. तिला लागणाऱ्या सातही गोष्टी आपल्या केसपेपरवर असतातच. आपल्याकडचे नेहमीचे उदाहरण घेऊ. जठराला भोक पडून रात्री दाखल झालेला ६२ वर्षांचा शेतमजूर. वयाचे ३, तातडीच्या ऑपरेशनचे ८, पोटाच्या वरच्या चिरेचे १५, हिमोग्लोबिन ९.६ म्हणून ११, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ९४ म्हणून ८. बेरीज ४५, आणि जास्त धोक्याचा गट ४५ पासूनच सुरू होतो. ऑपरेशन दोन तासांच्या वर लांबले की आणखी १६. गेल्या महिनाभरात छातीचा संसर्ग झाला असेल तर १७ अजून. मूळ अभ्यासात २६ पेक्षा कमी गुणांच्या गटात फुप्फुसाची गुंतागुंत १.६ टक्के रुग्णांना झाली, आणि ४५ किंवा अधिकच्या गटात ४२ टक्क्यांना. म्हणजे या रुग्णाला सर्दी-खोकल्याच्या पेशंटसारखे खिडकीजवळच्या शेवटच्या खाटेवर टाकून चालणार नाही. तो सिस्टरच्या टेबलासमोरच हवा. या यादीत विडीला वेगळे गुण नाहीत, म्हणून विडीबद्दल विचारायचे नाही असा अर्थ मात्र कुणी काढू नये. आणि बायकांना 'विडी-सिगारेट ओढता का' एवढेच विचारून भागत नाही. वीस-तीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या बाईची फुप्फुसे पक्क्या विडीवाल्याइतकी खराब असू शकतात आणि केसपेपरवर मात्र 'व्यसन नाही' असे असते.

ठरवून केलेल्या ऑपरेशनला चार आठवडे आधी विडी सुटली तर उत्तमच. 'आता ऐन वेळी सोडली तर उलट कफ वाढेल' ही भीती पेशंट आणि कधीकधी डॉक्टरही सांगतात. तिला भक्कम आधार नाही. आदल्या दिवशी सोडली तरी रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो.

आदल्या दिवशीचा अर्धा तास ही आमची पहिली मागणी. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला माहितीपुस्तिका दिली. दुसऱ्याला पुस्तिकेसोबत ऑपरेशनच्या आधी फिजिओथेरपिस्टने फक्त ३० मिनिटे बसून श्वासाचे व्यायाम समजावले. पहिल्या गटात फुप्फुसाची गुंतागुंत २७ टक्क्यांना झाली, दुसऱ्यात १२ टक्क्यांना. औषध नाही, यंत्र नाही. आपल्याकडे हेच शिकवणे ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी होते, जेव्हा माणूस गुंगीत असतो आणि पोट दुखत असते. फिजिओथेरपिस्टचे पद रिकामे असेल तिथे हे काम एका परिसेविकेला नेमून द्या. रुग्णासोबत राहणाऱ्या नातेवाइकालाही त्याच वेळी समोर बसवा, कारण रात्री खाटेशी तोच असतो.

शिकवायचे ते असे. पाय खाली सोडून ताठ बसायचे. नाकाने सावकाश, पोट आणि बरगड्या फुगेपर्यंत श्वास घ्यायचा, तीन सेकंद धरायचा, सोडायचा. असे दहा श्वास, थोडे थांबून पुन्हा दहा. मग घडी घातलेली चादर किंवा उशी टाक्यांवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून तीनदा खोकायचे. खोकला जमत नसेल तर काचेवर वाफ सोडतो तसा उघड्या तोंडाने 'हाऽऽ' करून जोराने श्वास सोडायचा. कफ त्यानेही वर येतो. जागे असताना दर तासाला, शुद्धीवर आल्यापासूनच. 'खोकल्याने टाके तुटतील' ही भीती घरच्यांच्या मनातून आदल्या दिवशीच काढली नाही तर हे सगळे फुकट जाते, कारण पेशंट खोकू लागला की तेच त्याला 'दाबून धर' म्हणतात.

तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरबद्दल, म्हणजे श्वासाच्या व्यायामाच्या खेळण्यासारख्या साधनाबद्दल, थोडे जास्त लिहितो, कारण त्यावर सगळ्यांचा फार विश्वास आहे. नातेवाइकांना मेडिकलमधून आणायला सांगितले जाते, पिशवीतून निघते, आणि निम्मे पेशंट त्यात फुंकतात! नळी तोंडात धरून हवा आत ओढायची असते, हे कुणी करून दाखवलेले नसते. जे ओढतात ते झटकन ओढतात, तिन्ही चेंडू टणकन वर उडतात आणि आजूबाजूचे शाबासकी देतात. चेंडूंवरचे ६००, ९०० आणि १२०० हे आकडे दर सेकंदाला ओढल्या जाणाऱ्या हवेचे, म्हणजे वेगाचे आहेत. छातीत किती हवा भरली ते त्यावरून कळत नाही. झटक्याने ओढलेली हवा वरच्या उघड्या भागातच जाते आणि तळाचे मिटलेले वायुकोश मिटलेलेच राहतात. एकच चेंडू, सावकाश, तीन सेकंद वर तरंगत ठेवणे हा खरा व्यायाम. नुसत्या स्पायरोमीटरने गुंतागुंत कमी होते याला आजवरच्या चाचण्यांत पुरावा मिळालेला नाही. असेल तर वापरा. नसेल म्हणून कुणाचे अडत नाही.

बोस्टनच्या एका वैद्यकीय केंद्राने श्वासाचे व्यायाम, खोकणे, तोंडाची स्वच्छता, रुग्णाला समजावणे, खाटेवरून लवकर उठवणे आणि डोके उंच ठेवणे एवढ्याच गोष्टी नेमाने केल्या. २०१३ साली त्यांनी आकडे प्रसिद्ध केले. न्यूमोनिया २.६ वरून १.६ टक्क्यांवर, अचानक श्वासनलिकेत नळी टाकावी लागण्याचे प्रमाण २ वरून १.२ टक्क्यांवर. यातले काहीही आपल्याला परवडणार नाही असे नाही. डोके ३० अंश उंच ठेवायचे, तर खाटेची मूठ फिरली पाहिजे. किती फाउलर कॉटच्या (डोक्याकडची बाजू वर होणाऱ्या खाटांच्या) मुठी गंजलेल्या किंवा गायब आहेत, हे भांडारपालाकडून एकदा लिहून मागवा. तोंडाचे म्हणाल तर दिवसातून दोनदा ब्रश. ज्यांना मशेरीची सवय आहे त्यांनी ऑपरेशनच्या सुमारास ती बंद ठेवून साध्या पेस्टने दात घासावेत.

नातेवाइकांच्या प्रेमातूनही एक धोका येतो. पेशंट अर्धवट गुंगीत, आडवा, आणि कुणीतरी चमच्याने पेज किंवा चहा पाजत असते. घोट श्वासनलिकेत जायला एवढे पुरते. नीट जागा, ताठ बसलेला, आधी दोन घोट पाणी ठसका न लागता प्यायलेला, मगच पेज. ही सूचना मावशी आणि मामांनाही पाठ हवी. पोटपट्टा बांधायचाच तर बरगड्यांच्या खाली, आणि आत हात सहज सरकेल इतका सैल.

ऑपरेशन थिएटरमधल्या दोनच गोष्टींवर बोट ठेवतो. व्हेंटिलेटरचा श्वास माणसाच्या वजनावर नव्हे, उंचीवर ठरतो. १५० सेंटिमीटर उंचीच्या बाईचे हिशेबाचे वजन सुमारे ४३ किलो येते. किलोमागे ६ ते ८ मिली धरले तर श्वास २६० ते ३४५ मिली. सवयीने ५०० लावला तर तिची फुप्फुसे तासन्‌तास ताणली जातात. फ्रान्समधल्या २०१३ सालच्या चाचणीत लहान श्वास, थोडा सततचा दाब आणि अधूनमधून फुप्फुस फुगवणे यांनी मोठी गुंतागुंत २७.५ वरून १०.५ टक्क्यांवर आली. दुसरी गोष्ट म्हणजे स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा उरलेला अंमल. 'डोके पाच सेकंद उचलले, म्हणजे झाले' हे पुरेसे नाही. घशाचे स्नायू अजून लुळे असतानाही काही जण डोके उचलतात. नर्व्ह स्टिम्युलेटर हे नसेला विजेच्या चार हलक्या टिचक्या देऊन स्नायू किती हलतो ते पाहणारे छोटे यंत्र आहे. ते प्रत्येक टेबलाला द्या, नुसते टिचक्या दाखवणारे नव्हे तर चौथ्या हालचालीचे पहिलीशी गुणोत्तर मोजणारे, आणि ०.९ आल्याशिवाय नळी निघणार नाही असा दंडक घाला.

नाकातून जठरात टाकलेली नळी नेहमीच लागते असे नाही. 'पोट उघडले की रायल्स ट्यूब' या शिरस्त्याने फुप्फुसाचा त्रास वाढतोच. आतड्याचा अडथळा, सततच्या उलट्या अशी कारणे असतील तेव्हाच ती हवी.

वेदनेचे औषध 'दुखले तर द्या' असे लिहू नका. पन्नास किलोवरच्या रुग्णाला, यकृत ठीक असेल तर, पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर सहा तासांनी, घड्याळाप्रमाणे. मूत्रपिंड आणि जठर ठीक असेल तर त्यासोबत डायक्लोफेनॅक. शक्य तिथे भूलतज्ज्ञाने दिलेला ब्लॉक (तेवढ्याच भागाच्या नसा बधिर करणे) किंवा एपिड्युरल (पाठीतून दिलेले बधिरीचे औषध). यांनी भागले नाही तरच मॉर्फिन-फेंटॅनिल. आणि 'पडून असताना दुखते का' असे विचारू नका, 'खोकून दाखवा' म्हणा. खोकताना चेहरा वेडावाकडा झाला तर औषध कमी पडते आहे.

आता ओळखण्याबद्दल. नाडी मोजून झाली की मनगट तसेच हातात धरून पेशंटच्या छातीवर ठेवायचे आणि घड्याळाचे पूर्ण साठ सेकंद छातीकडे बघायचे. 'तुमचा श्वास मोजते' असे सांगायचे नाही. सांगितले की माणूस श्वास बदलतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या 'न्यूज-२' या बिघाड ओळखण्याच्या गुणपद्धतीत मिनिटाला १२ ते २० श्वासांना शून्य गुण, २१ ते २४ ला २, आणि २५ किंवा जास्त झाले की ३. श्वास ८ किंवा कमी असेल तरीही ३. सॅच्युरेशन ९१ किंवा खाली गेले की ३, आणि ऑक्सिजन लावलेला असेल तर त्याचेच २. एका बाबीला ३ आले किंवा एकूण ५ झाले की डॉक्टरने येऊन पाहायचे. ७ झाले की ताबडतोब. जुना दम्याचा किंवा चुलीच्या धुराचा रुग्ण, ज्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, त्याचे सॅच्युरेशन मात्र ८८ ते ९२ मध्येच ठेवायचे. त्यासाठी चार्टवर वेगळी पट्टी आहे.

सॅच्युरेशनवर विसंबून किती जण गमावले जातात हे भूलतज्ज्ञांना विचारा. ऑक्सिजन चालू असताना मिनिटाला सात श्वास घेणारा रुग्णही ९८ दाखवतो. आत कार्बन डायऑक्साइड साचत असतो आणि ऑक्सिजनने ते झाकले जाते. हाक मारल्यावर डोळे उघडत नाही, श्वास ८ च्या आसपास आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असे दिसले की मॉर्फिनचा अंमल समजायचा. आधी हलवून जागे करा, हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा ठेवा, श्वास थांबत असेल तर अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी). मॉर्फिनचा उतारा असलेल्या नॅलोक्सोनचा ०.४ मिलिग्रॅमचा एक अँप्यूल सलाइनमध्ये १० मिली करून, डॉक्टरच्या देखरेखीखाली, दोन-तीन मिनिटांच्या अंतराने १ ते २ मिली, श्वास सुधारेपर्यंत. त्याचा असर तास-अर्ध्या तासात उतरतो आणि मॉर्फिनचा टिकतो, म्हणून नजर काढायची नाही. हे अँप्यूल वॉर्डाच्या ट्रेमध्ये हवे, भांडाराच्या कुलपात नव्हे.

याच्या उलटा आणि त्याहून जास्त फसवा प्रकार रात्री घडतो. सत्तरीचे आजोबा बडबडतात, सलाइन उपटतात, खाटेवरून उतरू बघतात. नातेवाईक म्हणतात 'भ्रमिष्ट झालेत', आणि झोपेचे इंजेक्शन लिहिले जाते. ऑपरेशननंतरचा अस्वस्थपणा म्हणजे ऑक्सिजनची कमतरता, असे धरून चालायचे. श्वास, सॅच्युरेशन, साखर आणि तुंबलेली लघवी बघितल्याशिवाय गुंगीचे औषध नाही. हा नियम लेखी काढा.

दिवसांचा अंदाज असा. पहिल्या दोन दिवसांत फुप्फुसाचा तळ मिटणे, औषधाची गुंगी, सलाइन जास्त होऊन छातीत पाणी. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी न्यूमोनिया. थुंकीचा रंग बदलतो, खालच्या बाजूला श्वासाचा आवाज बदलतो, पण म्हाताऱ्या माणसाला ताप येईलच असे नाही. पाचव्या दिवसापासून पुढे पायातली गुठळी फुप्फुसात जाण्याची भीती अधिक. पहिल्या दिवशीचा ताप 'फुप्फुस बसल्यामुळे' असे शिकवले जाते. अभ्यासांत तसा संबंध सापडलेला नाही, आणि त्या तापाला अँटिबायोटिक बदलणेही बरोबर नाही. एक गोष्ट मात्र ठळक लिहून ठेवा. आतडे जोडलेल्या रुग्णाचा श्वास पाचव्या-सहाव्या दिवशी २६-२८ झाला तर फक्त छातीचा एक्स-रे काढून थांबू नका. जोड गळत असला की पहिली खूण पुष्कळदा पोटात नसते, श्वासात आणि नाडीत असते.

आकडा वाढला की काय करायचे, हे चार्टच्या मागे छापलेले असावे: बसता करा, ऑक्सिजन लावा, वेदना पाहा, खोकवा, पंधरा मिनिटांत डॉक्टर, अर्ध्या तासात पुन्हा मोजणी. डॉक्टर आला नाही तर सिस्टरने थेट सर्जनला आणि पुढे अधीक्षकांना फोन करायचा, आणि त्याबद्दल तिला कुणी बोलणार नाही, हे तुमच्या सहीने जाहीर करा. आमची दुसरी आणि खरी मागणी हीच आहे. त्या सहीशिवाय चार्ट कितीही चांगला छापला तरी रकान्यात पुन्हा २० येणार.

रुग्णाला वरच्या, मोठ्या रुग्णालयात पाठवायचे ठरले तर ऑक्सिजन सिलिंडरचा हिशेब आधी करा. बी टाइप भरलेला सिलिंडर साधारण १,५०० लिटरचा. मिनिटाला १० लिटर लावले तर अडीच तास पुरतो. घाटातला रस्ता दोन तासांचा असेल तर एका सिलिंडरवर निघू नका. रुग्ण थकून श्वास मंदावतो आहे असे दिसत असेल तर नळी इथेच टाका, गाडीत नाही.

आणि डिस्चार्ज कार्डावर 'सात दिवसांनी टाके' याच्या खाली दोन ओळी मराठीत छापा: एका पायाची पोटरी सुजली किंवा दुखू लागली, अचानक दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले, तर फेरतपासणीच्या तारखेची वाट न पाहता १०८ ला फोन करा. पोटाच्या किंवा ओटीपोटाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले असेल तर गुठळी टाळणारे इंजेक्शन चार आठवडे घ्यायचे असते. ते घरी कोण देणार, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला चिठ्ठी दिली आहे का, हे कार्डावर सही करण्याआधी विचारा.

आपले,
शस्त्रक्रिया वॉर्डात आणि थिएटरमध्ये काम करणारे काही भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट